वाचक विचारतात : पाटीतलं, पाकिटातलं आणि ताटातलं

‘ताजं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं अन्न’ या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. पाककृती विचारणारी पत्रं थोडीच आली. ‘जुडी सडते’, ‘पिठाला वास येतो’, ‘एवढी भाजी खायची कशी’ अशीच पत्रं जास्त आहेत. मुंबईत ताजं खाणं अडतं ते बहुतेक वेळा खरेदीचा वार, हवेतला दमटपणा आणि फ्रिजमधली जागा यांचा मेळ न बसल्यामुळे. म्हणून उत्तरांतही फोडणीपेक्षा पिशवी आणि डबा यांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : पाकिटातलं काहीच खायचं नाही, असं आमच्या मुलीने जाहीर केलं आहे. मग पोहे, रवा, पिशवीतलं दूध, फ्रोझन मटार सगळंच बंद करायचं का? (गोरेगाव)

मुलीचा हेतू चांगला आहे, पण नेम चुकला आहे. पाकीट हे नुसतं भांडं. आतल्या वस्तूतून काय काढून घेतलं आणि तिच्यात काय घातलं, ते बघायचं. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्टेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट पाडले आहेत. ही विभागणी ‘नोव्हा’ नावाने ओळखली जाते. आपल्या स्वयंपाकघरात ती अशी बसते. पहिल्या गटात भाज्या, फळं, डाळी, तांदूळ, अंडी, मासे, दूध, घरचं दही. पोहे, रवा आणि साखर-मीठ न घातलेले फ्रोझन मटारही याच गटात. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, गूळ, मीठ. तिसऱ्यात पहिल्या दोघांच्या मिश्रणातून झालेलं, म्हणजे लोणचं, पनीर, कोपऱ्यावरच्या बेकरीतला लादी पाव (मैदा, यीस्ट, मीठ, पाणी). चौथ्यात इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, कोल्ड्रिंक, नगेट्स. घरच्या ओट्यावर कधीच नसतात अशा वस्तू घालून ही कारखान्यात जुळवलेली असतात.

भांडण फक्त या चौथ्या गटाशी आहे. तिसरा गट जेवणाची चव वाढवतो, त्याने ताट भरू नये एवढंच. फ्रोझन मटार तर सोलल्यावर लगेच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे मे महिन्यात पाटीत पडून पिठूळ झालेल्या शेंगांपेक्षा ते कितीतरी बरे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मटार स्वस्त असतो, तेव्हा घरीही करता येतात. दाणे उकळत्या पाण्यात २ मिनिटं टाकायचे, लगेच बर्फाच्या पाण्यात काढायचे, पंचावर पूर्ण कोरडे करायचे आणि ताटात एकाच थरात पसरून गोठवायचे. पिशवीत भरायचे ते त्यानंतर. ओले भरले तर त्यांची वीट होते आणि वाटीभर दाण्यांसाठी सगळी वीट फोडावी लागते.

प्रश्न : मल्टिग्रेन किंवा नाचणीची बिस्किटं मुलांच्या डब्यात दिली तर चालतील ना? पाकिटावरची बारीक अक्षरं नक्की कशी वाचायची? (मुलुंड)

पाकिटाची पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू कबुली. कबुलीपासून सुरुवात करा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. सगळ्यात जास्त जे घातलं ते पहिलं. नाचणी बिस्किटांच्या यादीत पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. नावात मिरवलेल्या घटकाचं प्रमाण बहुधा कंसात टक्क्यांत दिलेलं असतं. तिथे नाचणी ५ टक्के दिसली, तर १०० ग्रॅमच्या पुड्यात नाचणी चमचाभर. दुसरी खोड साखरेची. साखर, इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी तीन नावं वेगवेगळी छापली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. म्हणून पोषणाच्या तक्त्यात ‘टोटल शुगर्स’ बघा आणि आकड्याला ४ने भागा, तेवढे चहाचे चमचे. १०० ग्रॅमला २४ लिहिलं असेल तर सहा चमचे.

मीठ तक्त्यात सोडियमच्या नावाने येतं. सोडियमचा आकडा अडीचपट केला की मीठ मिळतं. नूडल्सच्या एका पाकिटात ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर सव्वादोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, म्हणजे जवळपास अर्धी एका वाडग्यात संपली. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका ‘सर्व्हिंग’चा, तेही बघायला विसरू नका. घोळ बहुतेक तिथेच होतो.

‘आयएनएस’ (बाहेरून घातलेल्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहून येणाऱ्या आकड्यांना सरसकट घाबरू नका. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबातलंच सायट्रिक आम्ल, ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या कुळातले क्षार. २११ हे टिकवण्यासाठी घातलेलं सोडियम बेन्झोएट, १०२ हा टारट्राझिन नावाचा पिवळा रंग, ६२१ हे चवीसाठीचं ग्लुटामेट. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत यांना परवानगी आहे. पण रंग, वास, चव आणि घट्टपणा या चारही गोष्टी बाहेरून आणाव्या लागल्या असतील, तर मूळ वस्तूत फारसं काही उरलेलं नाही, एवढा अर्थ त्यातून काढायला हरकत नाही.

डब्यात बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे-गूळ, चुरमुऱ्यांचा कोरडा चिवडा, उकडलेलं रताळं किंवा केळं द्या. केळं वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर पोळीलाही केळ्याचा वास लागतो आणि मुलं डबा तसाच परत आणतात.

प्रश्न : मी रविवारी दादरहून आठवड्याची भाजी आणते. बुधवारपर्यंत मेथी-कोथिंबिरीचा चिखल होतो. रोज बाजारात जाणं शक्य नाही. (विरार)

चिखल होण्याची कारणं दोन, जुडीचा दोरा आणि पाणी.

विक्रेते भाजी टवटवीत दिसावी म्हणून पाटीवर पाणी शिंपडत असतात. ते जुडीच्या मध्यात अडकतं. दोरा किंवा रबर घट्ट असतं, आतल्या काड्या चेपलेल्या असतात, आणि सड तिथूनच सुरू होते. म्हणून घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे दोरा सोडणं. जुडी पंचावर पसरा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. पिवळी, चेपलेली पानं काढून टाका, कारण एक सडकं पान बाकीच्यांना घेऊन जातं. ठेवण्याआधी भाजी धुवायची नाही. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा आणि डब्याचं झाकण अगदी घट्ट लावू नका. पानं श्वास घेतात, त्यातून निघणारी वाफ कापड शोषतं. कापड ओलं लागलं की बदला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई ओल्या पानांना लागते. पिकलेली केळी, पपई, आंबे त्याच कप्प्यात नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि पालेभाजी पिवळी पडते.

एवढं केलं तरी मेथी-पालकाला तीन, फार तर चार दिवस. म्हणून आठवड्याचा क्रम भाजीच्या आयुष्याप्रमाणे लावा. सोमवार-मंगळवारी पालेभाज्या. बुधवार-गुरुवारी भेंडी, गवार, तोंडली, वांगी. भेंडी पुसून कोरडी ठेवा, ओल लागली की बुळबुळीत होते. शुक्रवार-शनिवारी दुधी, लाल भोपळा, कोबी, गाजर, बीट. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, हवेशीर टोपलीत, पण एकमेकांपासून लांब.

मेथी परतीच्या गाडीतच निवडून होत असेल तर उत्तम. लेडीज डब्यात विरार येईपर्यंत दोन जुड्या सहज होतात! फक्त निवडलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून नेऊ नका. कापडी पिशवी जवळ ठेवा, आणि निवडलेली मेथी दोन दिवसांत संपवा.

शिजवताना क्रम असा : निवडा, धुवा, मग चिरा. चिरून धुतली की क जीवनसत्त्व आणि पाण्यात विरघळणारं बाकीचंही मोरीत जातं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, भाजी बुडवून हलवा आणि हाताने वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवरच येते. असं तीन पाण्यांतून काढा. पावसाळ्यात तळाला कचकच लागेनाशी होईपर्यंत चौथं पाणीही घ्यावं लागतं.

प्रश्न : फळांवरची औषधं मीठ-पाण्याने जातात का? आणि रुळांच्या कडेला पिकवलेली भाजी धुऊन खाल्ली तर चालेल का? (कुर्ला)

सालीवरची फवारणी काही प्रमाणात जाते. अर्धा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाला, सफरचंद, द्राक्षं, टोमॅटो त्यात १० ते १५ मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. खरा फरक चोळण्याने पडतो. सालीच्या आत मुरलेलं औषध कशानेही निघत नाही. भांडी घासायचा साबण फळांना लावू नका.

रुळांकडेच्या भाजीत अडचण पाण्याची आहे. ते नाल्याचं असेल तर त्यातले जंतू शिजवल्याने मरतात, पण शिशासारखे जड धातू ना धुण्याने जातात ना उकळण्याने. भाजीकडे बघून काही कळत नाही. उलट अशी भाजी फार हिरवीगार दिसते. उपाय म्हणजे माल कुठला, हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडूनच घ्या, आणि रोज एकाच विक्रेत्याकडून एकच पालेभाजी घेऊ नका.

प्रश्न : फळं खाण्यापेक्षा रस काढून प्यायला तर? (बोरिवली)

एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा टाकला जातो, आणि साखर दोन मिनिटांत पोटात उतरते. एका बैठकीला चार संत्री सोलून कोणी खात नाही. फळ खा.

प्रश्न : तयार पिठापेक्षा दळून आणलेलं चांगलं म्हणून ज्वारी गिरणीतून आणते. पहिल्या आठवड्यात भाकरी छान होते, नंतर थापताना चिरते. गिरणीवाला फसवतो का? (लालबाग)

गिरणीवाल्याला दोष देऊ नका, पिठाची विरी, म्हणजे चिकटी, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो. भाकरी थापली जाते ती ताज्या पिठाच्या चिकटीवर. पीठ जुनं झालं की ती चिकटी जाते, मग कडा चिरतात आणि तव्यावर टाकताना भाकरी हातातच मोडते. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं.

ज्वारीचं पीठ ८ ते १० दिवसांत संपेल एवढंच दळा. दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण १२० ते १४० ग्रॅम पीठ लागतं. चार माणसांच्या घरात आठवड्यातून चारदा भाकरी होत असेल, तर एका वेळी दोन-सव्वादोन किलो ज्वारी पुरे. महिन्याची आठ-नऊ किलो एकदम दळून आणण्यात एक खेप वाचते आणि निम्मं पीठ वाया जातं. बाजरीचं तर आणखी कमी दळा. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ खवट होतं आणि आठवड्यातच भाकरी कडवट लागते. गव्हाच्या पिठात कोंड्याबरोबर अंकुरातलं तेलही आलेलं असतं. तीन आठवडे ठीक, पावसाळ्यात दोनच.

गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारी’ दळायला सांगा. आधी हरभऱ्याची डाळ दळली असेल, तर पहिलं अर्धा किलो पीठ तिच्यासकट तुमच्या डब्यात येतं. दळल्यावर पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंडलं तर झाकणाला घाम येतो, गुठळ्या होतात आणि आंबूस वास धरतो. परातीत पसरून दोन-तीन तास निववा, मगच भरा. जुन्या पिठावर नवं ओतू नका, नाहीतर तळाशी राहिलेले पोरकिडे नव्या पिठात घर करतात.

विरी गेलेलं पीठ टाकून द्यायची मात्र गरज नाही. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करा, एक वाटी पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. कोमट असतानाच हाताला पाणी लावून चांगलं मळा. या उकडीची भाकरी थापली जाते. पीठ खवट झालं असेल तर मात्र उकडीनेही वास जात नाही, ते फेकाच.

प्रश्न : मटकीला मोड येतात, पण वास मारतो आणि तार सुटते. (गिरगाव)

पाणी निथळलेलं नसतं आणि हवा मिळत नाही, म्हणून. एक वाटी मटकी तीन वाट्या पाण्यात ८ तास भिजवा, त्यापेक्षा जास्त नाही. तरंगणारे दाणे काढून टाका, त्यांना मोड येत नाहीत, ते सडतात. दोन पाण्यांनी धुवा आणि चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा. ही १५ मिनिटं बहुतेक जण गाळतात. मग घट्ट पिळलेल्या ओल्या सुती कापडात सैल बांधून तीच पुरचुंडी चाळणीत, आणि चाळणी पातेल्यावर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. स्टीलच्या बंद डब्यात ठेवू नका. उन्हाळ्यात १० ते १२ तास, जानेवारीत १८ ते २०. उकाडा फार असेल तर मध्ये एकदा धुऊन निथळून पुन्हा बांधा. मोड सेंटिमीटरभर झाले की फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत फस्त.

मोडाला पोषक असलेली ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि ते दाण्याच्या भेगेतही असू शकतात. म्हणून कच्चे मोड खाण्याचं कौतुक आम्हाला नाही. ५ मिनिटं वाफवा. गरोदर बाई, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना तर वाफवल्याशिवाय देऊच नका.

प्रश्न : जुलैत बाजारात सुरमई ‘एकदम ताजी’ म्हणून विकतात. बंदी असताना ती येते कुठून? बर्फातला मासा घ्यावा का? (माहीम)

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत दिसणारी मोठी सुरमई एकतर शीतगृहातली असते, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. यात फसवणूक ‘ताजी’ या शब्दापुरती. नीट बर्फात राहिलेला मासा, उन्हात तीन तास पाटीवर पडलेल्या ‘आजच्या’ माशापेक्षा चांगला.

विशेषतः बांगडा, सुरमई आणि कुपा यांत हे फार महत्त्वाचं. हे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. हिस्टामाइन एकदा झालं की तळून किंवा उकळून जात नाही. लोक म्हणतात मासा ‘बाधला’, आणि पुढच्या वेळी मसाला कमी घालतात!

कल्ला उचलून बघा. लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी-राखाडी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. कोळंबीचं डोकं घट्ट हवं, सैल आणि काळपट पडलेलं नको. बाजारात मासळी सगळ्यात शेवटी घ्या, कोळणीकडून वर मूठभर बर्फ मागून घ्या, घरी आल्यावर साफ करून फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा आणि त्याच दिवशी शिजवा. जून-जुलैत हट्ट सोडून खाडीतली मासळी, रोहू-कटला किंवा सुकट-सोड्यांकडे वळणं शहाणपणाचं.

प्रश्न : रोज किती भाजी खायची याचा काही आकडा आहे का? आणि तेल-मीठ मोजणार कसं? (डोंबिवली)

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २००० कॅलरींचं ताट दिलं आहे. त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मांसमच्छी मिळून ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजनं कच्च्या, निवडलेल्या मालाची आहेत. चौघांच्या घराला दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम भाजी होते. एका वेळची डावभर भाजी वाढून ती कधीच भरत नाही. आमटीत दुधी किंवा पालक घाला, दोन्ही जेवणांना वाटीभर कोशिंबीर ठेवा, पोह्यांत मटार-गाजर घाला. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नयेत.

तेल-मीठ रोज मोजत बसू नका, किराण्याच्या यादीतच मोजा. चार मोठ्या माणसांना महिन्याला मीठ ६०० ग्रॅम आणि तेल-तूप मिळून साडेतीन लिटर, ही वरची मर्यादा. मिठाचा किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर लोणचं, पापड, फरसाण धरायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली आहे.

प्रश्न : रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करतो. तो शिळा म्हणून वाईट का? (परळ)

शिळेपणापेक्षा तो रात्रभर कुठे होता, ते महत्त्वाचं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याने मरत नाहीत. भात ओट्यावर रात्रभर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणी देऊन किंवा वाफ आणूनही जात नाही. जेवणं आटोपली की भात लगेच परातीत पसरा, कोमट झाला की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, मे महिन्यात तासाभरातच. पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भात तासन्‌तास गरम राहतो. सकाळी एकदाच, वाफा येईपर्यंत परता. त्यातूनही उरला तर पुन्हा ठेवू नका. डब्यात न्यायचा असेल तर ओलं खोबरं घालू नका, दुपारपर्यंत आंबेल. त्याऐवजी शेंगदाणे घाला.